वही कोणाच्या हाती?



फोनमधल्या कंपन्या, आपली खाजगी माहिती आणि गिऱ्हाइकाचा विश्वास या विषयावर बोलायला चालकांनी युनियनच्या माणसाला बोलावले, याचे काहींना नवल वाटले असेल. आमची शाळा सातवीपर्यंतची. पुढचे शिक्षण कामगारांच्या वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या बाकावर झाले. तेव्हा यंत्र आतून कसे चालते, हे आम्ही सांगणार नाही. पण मालक जेव्हा "माझ्यावर विश्वास ठेवा" असे म्हणतो, तेव्हा त्याला कोणते प्रश्न विचारावेत, याचा अभ्यास आम्ही तीस वर्षे केला आहे. त्याच्या जोरावर चार शब्द बोलणार आहोत.

विश्वास म्हणजे काय, हे हमरापूरला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. हमरापूर, जोहे, कळवे या आपल्या गावांचा धंदाच विश्वासावर चालतो. मूर्तीचा साचाही भरलेला नसतो, तेव्हा मुंबईचा गिऱ्हाईक विसार देऊन जातो. तो का देतो? आपण सज्जन दिसतो म्हणून? नव्हे. त्याला कारखान्याचे दार माहीत असते. वहीत त्याचे नाव, मूर्तीची उंची, विसार आणि बाकी लिहिलेली असते आणि ती तो बोट ठेवून वाचू शकतो. मूर्तीचे बोट दुखावले तर ते कोण भरून देणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणजे माणूस माहीत, हिशेब उघडा आणि चुकीची भरपाई निश्चित, या तीन गोष्टी मिळून विश्वास होतो. बाकी सगळा नुसता भरवसा. भरवशाचे मोल काय असते, हे पेण तालुक्याने पाहिले आहे. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि हजारो घरांची पुंजी अडकली. ठेवीदाराच्या हाती पासबुक होते, पण बँकेची आतली वही त्याने कधी पाहिली नव्हती. तरी त्या ठेवीदारांना मोर्चा नेण्यासाठी एक दार तरी होते. फोनमधल्या कंपनीचे दार कोठे आहे, ते आम्हांला कोणी दाखवावे!

आता पाहा, काय झाले आहे ते. जी वही आपण शेजारच्या कारखानदारालाही दाखवत नव्हतो, ती आता फोनमध्ये गेली आहे. गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते, मूर्तींचे फोटो, रंगवाल्या मुलीला दिलेली उचल, सगळे तेथेच. एखादे ॲप उघडताना ते विचारते, "तुमच्या फोनमधली नावे पाहू का?" आपण अंगठा टेकवतो. आजोबा-पणजोबांपासून जोडलेली गिऱ्हाइकी एका अंगठ्यात दुसऱ्याच्या दप्तरी जमा होते.

कोणी म्हणतात, अहो, पण हे फुकट आहे! आम्ही म्हणतो, २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घ्यायचे ठरवले तेव्हा किंमत जाहीर केली १९ अब्ज डॉलर. त्या कंपनीत काम करणारी माणसे शंभरसुद्धा नव्हती. गिरणी नाही, गोदाम नाही. मग घेतले काय? तिच्यावर दर महिन्याला येणारीजाणारी ४५ कोटी माणसे घेतली. न्यायाने बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे, की २०१६ पासून तेथला निरोप कुलूपबंद जातो आणि कंपनीला तो वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, केव्हा, कोणत्या नंबरावरून बोलले, हे निरोपापेक्षा वेगळे असते. पोस्टमनने पाकीट फोडले नाही, तरी कोणाच्या घरी कोणाची पत्रे येतात, हे त्याला कळतेच. पोस्टमन ते विसरून जातो. यंत्र विसरत नाही.

आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी वाटू नये. खोतीत जमीन कसणारा कूळ आणि दप्तर ठेवणारा खोत. किती पिकले, किती दिले, किती राहिले, हे खोताचे दप्तर सांगणार आणि कुळाने मान डोलवायची. १९३३ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली नांगर खाली ठेवला, तो १९३९ पर्यंत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. आजच्या कंपन्या म्हणजे खोतच, असे सरसकट आम्ही म्हणत नाही. कोणी कोणाला फोन घ्यायला मारहाण केलेली नाही. पण राबणारा एक आणि दप्तर दुसऱ्याच्या हाती, ही रीत तीच आहे. म्हणून प्रश्नही तोच: वही कोणाच्या हाती?

"तुम्ही संमती दिली आहे," हे कंपनीचे ठरलेले उत्तर. संमतीचा एक किस्सा सांगतो. आमच्या युनियनच्या एका कारखान्यात हजेरीसाठी कामगारांच्या फोनवर ॲप आले. हजेरी लागत होती, तक्रार नव्हती. पुढे कळले, की पाळी सुटल्यावरही माणूस कोठे आहे हे त्यात दिसते. आम्ही विचारले, आठ तासांचा पगार देता, मग चोवीस तास कशाला पाहता? साहेबांनी कागद दाखवला: प्रत्येकाने 'मान्य' दाबले आहे. आम्ही विचारले, 'अमान्य' दाबणाऱ्याची हजेरी कशी लागणार होती? साहेब गप्प बसले. पुढे चार बैठका झाल्या आणि गेटाबाहेर ते ॲप बंद राहील असे लेखी ठरले. नाही म्हणायची सोय नसेल, तर त्या होकाराला संमती म्हणत नाहीत.

हे एकट्याने साधत नाही. एकट्याने नकार दिला तर त्याचाच फोन बंद पडतो. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी आणल्या: ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा. पुष्कळ लोक दुसऱ्या ॲपांकडे वळू लागले, ओरड झाली, तेव्हा ती मुदत १५ मेपर्यंत पुढे गेली. या अटींबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनी मेटा हिला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण जगातल्या बलाढ्य कंपनीलाही तारीख बदलावी लागली, हे आपण पाहिले. कामगार चळवळीला यात नवे काही नाही. गर्दी एकत्र आली की तिची संघटना होते.

आणखी एक बोलणे नेहमी ऐकू येते: "आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय?" बंधूंनो, युनियन बांधताना पहिल्या महिन्यात सभासदांची यादी आम्ही कोणाला दाखवतो? ती मालकाच्या हाती गेली तर पहिली दहा माणसे गेटाबाहेर. त्या दहांनी गुन्हा केलेला नसतो. दुबळ्याला आडोसा लागतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो बंगलेवाल्याचा आहे तसाच साचे भरणाऱ्याचाही आहे.

कायदाही आला आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली. या कायद्यात संमतीची सूचना मराठीतून मागण्याची सोय आहे, आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क आहे आणि मोठ्या कसुरीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. हे चांगले आहे. पण तो दंड जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली, ज्याचे घर बदनाम झाले, त्याला या कायद्यात भरपाई नाही. १९२३ सालच्या कामगार भरपाईच्या कायद्याने यंत्रात बोट गेलेल्या कामगाराचा हक्क मान्य केला होता. शंभर वर्षांनंतरचा कायदा त्याच्या मागे पडावा, हे आम्हांला पटत नाही. शिवाय सरकारला आपल्याच खात्यांना यातून सूट देता येते. वही उघडी करा असे कंपनीला सांगणाऱ्याने आपली वही मिटून ठेवू नये.

आता शेवटी, घरचे बोलू. माल रंगवून ठेवलेला, पैसे गणपतीनंतर यायचे, अशा दिवसांत फोनवर झटपट कर्ज देणारी ॲपे येतात. २०२२ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने त्यांना बजावले आहे, की कर्जदाराच्या फोनमधली नावे, फोटो आणि कॉलची यादी यांना हात लावू नये. जे ॲप नावे मागते, ते उद्या तुमच्या व्याह्याला फोन करणार, हे समजून चाला. पैसे येण्यासाठी पिन द्यावा लागत नाही. पिन लागतो तो जाण्यासाठी. फसगत झालीच तर लाज बाळगू नका, त्याच तासाला १९३० या नंबरावर कळवा. आणि गिऱ्हाइकांची नावे-पत्ते आपल्याकडेही असतात. ती कोणाला विकू नका, वाटू नका. आपण कंपनीला विचारतो तोच प्रश्न गिऱ्हाईक आपल्याला विचारू शकतो.

आमची सूचना साधी आहे. रविवारी संध्याकाळी एखाद्या कारखान्याच्या पडवीत बसावे. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी प्रत्येकाच्या फोनमधल्या परवानग्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि नको त्या बंद कराव्यात. सूचना इंग्रजीत असेल तर सर्वांच्या सह्यांचे एकच पत्र जावे: आम्हांला मराठीत सांगा, काय घेता, कशाला घेता आणि केव्हा पुसणार. उत्तर आले तर सर्वांना वाचून दाखवू. नाही आले, तर पुढचे पत्र तक्रारीचे असेल. ते लिहायला आम्ही येऊ.