बोलावणं कोणाचं?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

नवा रायपूरच्या या व्यासपीठावरून मराठीत बोलायची मुभा मिळाली, याबद्दल आभार. १९५६ पर्यंत या मुलखाचा कारभार नागपुरातूनच चालायचा, त्यामुळे इथे मराठी बोलताना मला परकं वाटत नाही.

काल तुमच्यापैकी काही जणांशी बोलताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. नोकरीला लागण्याआधी नेपाळमध्ये किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या देशात स्वयंसेवक म्हणून जावं का?

आपल्याकडे असा विचार निघाला की पहिलं नाव येतं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं. सप्टेंबर १९३८मध्ये मुंबईहून पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. त्यांत सोलापूरचे कोटणीस होते, वय २७. आणि वयानं बरेच मोठे असे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांच्या त्यागाबद्दल आपण भरभरून बोलतो, पण त्या मोहिमेची सुरुवात कशी झाली ते सांगत नाही. चिनी सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती. जपानशी युद्ध पेटलेलं, जखमींची रीघ लागलेली आणि शल्यचिकित्सकांची वानवा. म्हणजे गरज काय आहे, हे ज्यांना गरज होती त्यांनीच सांगितलं होतं. कोटणीस तिथे चिनी भाषा शिकले, त्या भाषेत त्यांनी विद्यार्थी घडवले, १९४१मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ला वयाच्या ३२व्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं काम पुढे न्यायला होती. बाकीचे चौघे एकेक करून मायदेशी परतले. त्यांचं काम त्यामुळे हलकं ठरत नाही. तेही बोलावल्यावर गेले होते आणि हातात विद्या घेऊन गेले होते.

आता दुसरी बाजू. आज पैसे भरून दोन आठवड्यांची ‘सेवा’ विकत घेता येते. नेपाळ आणि कंबोडियात अनाथाश्रमांना भेट देणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा ओघ वाढला, तसा त्याचा धंदा झाला आणि आई-वडील हयात असलेली मुलंही संस्थांमध्ये आणून ठेवली गेली. पाहुणे निघून गेले. मुलं मात्र घरापासून तुटली. चांगल्या मनानं केलेल्या कामातूनही नुकसान होतं, ते असं.

मग ठरवायचं कसं? तुम्ही छत्तीसगडमध्ये शिकलात, इथेच याचं उत्तर आहे. हा प्रदेश बाहेरून आलेल्यांना वर्षानुवर्षं पाहतो आहे. स्वतः कुष्ठरोग झालेल्या सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२मध्ये चांप्याजवळ भारतीय कुष्ठनिवारक संघाचं काम उभं केलं. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तिथे गेले आणि २०१९मध्ये देह ठेवेपर्यंत तिथलेच होऊन राहिले. बिलासपूरजवळच्या गनियारीला दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी जन स्वास्थ्य सहयोग सुरू केलं. तिथेही शिकायला, मदत करायला बाहेरून तरुण येतात.

उद्या असा एखादा परदेशी तरुण तुमच्या गावच्या आरोग्यकेंद्रात आला, तर तुम्ही त्याला काय विचाराल? तुला कोणी बोलावलं? तुला येतं काय? छत्तीसगडी, हलबी, गोंडी यांतलं काही शिकणार आहेस का? तू गेल्यावर तुझं काम कोण करणार? आणि जे काम आमची मितानीन, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, किंवा आमचा बेरोजगार पदवीधर करू शकतो, ते तू का करायचं? हेच प्रश्न जायच्या आधी स्वतःला विचारा. कामाचं स्वरूप लेखी मागा, तिथल्या परवान्याची चौकशी करा, आजारपणाचा आणि परतीचा खर्च कोण करणार ते विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात निर्वाह भत्ता मिळतो. तेव्हा सेवा म्हणजे पदरमोडच, असं मानू नका. घरावर कर्ज असेल तर आधी ते फेडा, त्यात कमीपणा नाही.

उत्तरं समाधानकारक असतील तर बेलाशक जा, आणि थोड्या दिवसांसाठी जाऊ नका. नसतील तर हातातली विद्या आणखी पक्की करा. हवी ती विद्या हातात असली, की बोलावणं बस्तरमधूनही येईल आणि मलावीतूनही. ते आलं की उशीर करू नका.