ऋतू पालटताना घर

उत्तर अमेरिकेच्या अरण्यप्रदेशात वसंताची पहिली चाहूल लागते ती वितळणाऱ्या बर्फाने. रात्री पाणी गोठते, दिवसा सुटते, आणि त्याच दिवसांत मेपल वृक्षांचा गोड रस वाहू लागतो. सुमारे ४० लिटर रस आटवावा, तेव्हा १ लिटर पाक हाती येतो. कळ्या फुगू लागल्या की रसाची गोडी बिघडते; म्हणून त्या थोड्या आठवड्यांत घरातील लहानथोर भट्टीभोवती गोळा होतात.

अहिल्यानगरजवळील सीनाकाठच्या नागापुरास बर्फ ठाऊक नाही. परंतु माघ सरून फाल्गुन लागला म्हणजे त्या बाजूच्या शिवारातही असाच कसोटीचा काळ येतो. पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेला शाळू काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर हिवाळा काढतो. थंडी ओसरते, ओल आटते, जमीन भेगाळते. घरातील आजी दाणा दाताखाली फोडून पाहते. तो टणक लागला आणि त्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला, की काढणीस विलंब करणे धोक्याचे. कारण अवकाळी पाऊस याच सुमारास गाठतो. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रात ठिकठिकाणी उभी पिके झोडपून काढली होती. भिजलेला दाणा काळवंडतो, कडबा कुजतो. म्हणजे माणसांची भाकरी व गुरांची वैरण दोन्ही एकदम जातात.

नागापुरास आज औद्योगिक वसाहत आहे. वडील शेतात आणि मुलगा कारखान्यात पाळीवर, अशा घरी एरवी बापलेकांची गाठ पडणेही कठीण. एक उठतो तेव्हा दुसरा निजतो. काढणीच्या दिवसांत मात्र रात्रपाळीहून आलेला मुलगा तसाच शेताची वाट धरतो. ताटे उपटायची, कणसे खुडायची, आणि कडब्याच्या पेंढ्या पहाटेच्या दवातच बांधायच्या, कारण उन्हात पाला चुरून जातो. पेंढी एकाने दाबून धरावी, दुसऱ्याने आळा आवळावा. तेथे अबोला धरून भागत नाही. महिनोमहिने अडलेले बोलणे अशा वेळी सहज सुरू होते.

तथापि या एकोप्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पहाटे भाकऱ्या थापून सर्वांबरोबर शेतात उतरणारी सून संध्याकाळी पुन्हा चुलीपुढेच बसते. पुरुषांनी शेतातले काम जसे वाटून घेतले तसे घरातलेही घेतले, तरच तो एकोपा खरा.

मळणीयंत्राने कित्येक दिवसांचे काम आता तासांवर आणले आहे, आणि त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी कामाच्या निकडीने जे एकत्र येणे घडे, ते यापुढे माणसांना ठरवून घडवावे लागेल. शहरातील घरांवर तर ही पाळी केव्हाच आली आहे. कोणतेही पीक त्यांची वाट पाहत नाही. घरातील माणसे मात्र एकमेकांची वाट पाहत असतात.