लक्ष्मीबाई टिळकांचें वैधव्य

ता. ९ मे १९१९ रोजीं रेव्हरंड नारायण वामन टिळक मुंबईस वारले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तेव्हां पन्नाशी ओलांडली होती. त्यापुढें त्या जवळजवळ सतरा वर्षें जगल्या, ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास त्यांचें निधन झालें. मराठी वाचकाला ज्या लक्ष्मीबाई ठाऊक आहेत, त्या या सतरा वर्षांतल्या आहेत. ‘स्मृतिचित्रें’ त्यांनीं या काळांत लिहिलीं आणि ‘ख्रिस्तायन’ही याच काळांत सिद्धीस नेलें. पण आपण त्यांना ओळखतों तें लहरी नवऱ्यापायीं गांजलेली, तरी हसणारी आणि हंसविणारी एक गृहिणी म्हणून. एक ख्रिस्ती विधवा आपल्या दिवंगत पतीविषयीं लिहीत आहे, ही गोष्ट वाचतांना आपल्या ध्यानींमनींही राहत नाहीं. श्रोतेहो, आज मला तिच्याविषयींच थोडें बोलावयाचें आहे.

माझ्या मतें लक्ष्मीबाईंच्या वांट्याला वैधव्य एकदां नव्हे, दोनदां आलें. पहिलें आलें तें पति जिवंत असतांना. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हां अवघ्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरीं दत्तू हा लहान मुलगा होता. त्या काळच्या ब्राह्मण समाजांत धर्म सोडलेला मनुष्य मेल्यांतच जमा. मात्र मेलेल्यासाठीं शास्त्रानें कांहीं तरी व्यवस्था लावून दिली आहे. दहावा आहे, तेरावा आहे, रडण्याला दिवस नेमलेले आहेत. जिवंतपणीं गेलेल्या नवऱ्यासाठीं बायकोनें काय करावें? कुंकू पुसावें तर तो धडधाकट जिवंत. लावावें तर लोकांच्या डोळ्यांत दया आणि धिक्कार एकदमच दिसावयाचा. माहेरच्या व आप्तांच्या आधारानें, कांहीं काळ पंढरपुरासारख्या क्षेत्रीं, त्यांनीं हे दिवस काढले.

येथें एक कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. इ. स. १८६६ चा एक कायदा असा होता कीं, ख्रिस्ती झालेल्या माणसाबरोबर त्याच्या धर्मांतरामुळें त्याची पत्नी नांदावयास तयार नसेल, तर त्याला न्यायालयांतून विवाहबंधन तोडून घेतां येत असे. म्हणजे टिळकांना दुसरा संसार थाटण्याची वाट मोकळी होती. ती त्यांनीं धरली नाहीं. लक्ष्मीबाईंनींही दार कायमचें लावून घेतलें नाहीं. कांहीं वर्षांनीं त्या मुलाला घेऊन अहमदनगरास गेल्या. प्रथम आपला स्वयंपाक व आपलें पाणी त्यांनीं वेगळें राखलें. वडिलांना सोंवळ्याचें अक्षरशः वेड होतें, अशा घरांत वाढलेली ही बाई! पण हळूहळू विचार करतां करतां जातिभेद हा माणसांनींच केलेला आहे, देवानें नव्हे, असें त्यांच्या मनानें घेतलें आणि परक्या हातचें पाणी त्या प्याल्या. इ. स. १९०० सालीं त्या ख्रिस्ती झाल्या. पतीमागें फरफटत जाऊन नव्हे, तर स्वतःच्या पायांनीं चालत, आणि त्याच्यापेक्षां पांच वर्षें उशिरां! हा उशीर मला फार मोलाचा वाटतो. ज्या श्रद्धेसाठीं आधीं सर्व गमवावें लागलें, ती पुढें दुसऱ्या आघातानें सहजासहजीं उखडली जाणार नव्हती.

तो आघात येण्यापूर्वीं एक वर्ष आणखी एक मृत्यु त्या घरावर येऊन गेला होता. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, टिळकांच्या घरीं घरच्या मुलाप्रमाणें राहिले होते आणि लक्ष्मीबाईंनीं त्यांच्यावर आईची माया केली होती. ता. ५ मे १९१८ रोजीं खानदेशांत भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अंत झाला, वय सत्तावीस. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनीं टिळक गेले.

पतीच्या मागें स्त्रीनें काय करावें, याचीं आपल्याकडे ठरलेलीं उत्तरें होतीं. पंडिता रमाबाईंनीं तीं उत्तरें झुगारून दिलीं. त्यांचे पति १८८२ सालीं वारले. पुढें रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ सालीं त्यांनीं शारदासदन काढलें. रमाबाईंनीं आपल्या वैधव्यांतून शेंकडों विधवांसाठीं घर उभारलें. लक्ष्मीबाईंची प्रकृति निराळी होती. संस्था चालविणाऱ्या बायकांत त्यांची गणना करतां येणार नाहीं. मुलगा देवदत्त नोकरीनिमित्त कराचीस गेला, तेव्हां त्याही त्याच्या संसारांत राहावयास गेल्या. सिंध प्रांत तेव्हां मुंबई इलाख्यांत होता. माणसें नवीं, बोली परकी, आणि वय उतरणीला लागलेलें.

टिळकांचें एक मोठें काम अपुरें राहिलें होतें. येशू ख्रिस्ताचें चरित्र ओंवीबद्ध रचावें, म्हणून त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें होतें. पण आरंभींचे कांहीं अध्यायच त्यांच्या हातून झाले. शाळेची पायरीही न चढलेल्या, नवऱ्याच्या आग्रहानें अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनीं त्यापुढें चौसष्ट अध्याय लिहिले. १९३८ सालीं, म्हणजे त्यांच्या मागें, तें काव्य प्रसिद्ध झालें. हें पतीचें ऋण फेडणें झालें असें कोणी म्हणेल, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. ‘स्मृतिचित्रें’ मात्र तशा ऋणाच्या हिशेबांत बसत नाहींत.

तो ग्रंथ जन्मला तोही टिळकांच्याच निमित्तानें. देवदत्तांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यांनीं आईला आठवणी लिहावयास सांगितलें. म्हणजे चरित्रकाराला साहित्य पुरवावें, एवढेंच काम त्यांच्याकडे होतें. पण आठवणी सांगूं लागल्यावर त्या आठवणींची मालकी बाईंकडेच आली. विधवेनें लिहिलेलें पतीचें चरित्र म्हटलें कीं हार घातलेली तसबीर डोळ्यांपुढें येते. गेलेल्या माणसाचे दोष काढूं नयेत, ही तर आपली जुनीच रीत. लक्ष्मीबाईंचे टिळक तसबिरींत बसावयास तयारच नाहींत. ते रागावतात, न सांगतां घरांतून निघून जातात, घरांत असेल नसेल तें दारीं आलेल्याला देऊन टाकतात. आणि बायको भांडते, रुसते, पुन्हां चूल पेटवते. हें सारें त्यांनीं जसें घडलें तसें लिहिलें. यांत प्रेम कमी आहे असें कोणत्याही वाचकाला वाटलेलें नाहीं.

ख्रिस्ती मनुष्याला मरणानंतरच्या भेटीची आशा आहे. लक्ष्मीबाईंनाही ती असलीच पाहिजे. पण त्या आशेवर विसंबून त्यांनीं येथला हिशेब गुळगुळीत केला नाहीं. उपदेश तर ग्रंथांत शोधावाच लागतो. मला वाटतें, त्यांची श्रद्धा या खरेपणांतच आहे. ज्याला पुन्हां भेटावयाचें, त्याच्याविषयीं खोटें लिहून कसें चालेल? आणि १८९५ सालच्या दुःखाविषयीं टिळकांना मेल्यानंतर क्षमा करण्याचा आवही त्या आणीत नाहींत. त्या वेळीं काय झालें, आपण कशा रडलों, लोक काय बोलले, हें सांगून त्या पुढच्या गोष्टीकडे वळतात. क्षमा केव्हांच, बहुधा नगरच्या त्या वेगळ्या चुलीपाशीं, होऊन गेली असावी.

शाळेच्या पुस्तकांतून घेतलेल्या उताऱ्यांवरच ज्यांची या ग्रंथाशीं ओळख थांबली आहे, त्यांनीं टिळकांच्या मृत्यूनंतरचा भागही अवश्य वाचावा. तेथें घर बदललेलें आहे, सून आहे, नातवंडें आहेत, आणि ज्याच्याशीं जन्मभर भांडण केलें तो माणूस मात्र नाहीं. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून भागाभागानें निघूं लागलीं. शेवटचा भाग हातीं घेण्यास लक्ष्मीबाई राहिल्या नाहींत. तो त्यांच्या मागें त्यांच्या मुलानें प्रसिद्ध केला.