शस्त्रसज्जता आणि श्रमिक

सैन्यसत्तेचा वरवंटा कामगाराच्या हक्कांवरून कसा फिरतो, हे पाहावयाचे तर आशियाच्याच इतिहासातला जपानचा दाखला पुरेसा बोलका आहे. टोकियोच्या उएनो उद्यानात १९२० साली प्रथम साजरा झालेला मे दिन १९३६ मध्ये सरकारी हुकुमाने बंद पडला. राष्ट्राची सारी साधने युद्धार्थ जुंपणाऱ्या १९३८च्या कायद्याने मनुष्यबळही सरकारच्या दिमतीस दिले. आणि १९४० मध्ये उरल्यासुरल्या कामगार संघटना विसर्जित होऊन, मालक व मजूर यांना एकाच छत्राखाली कोंबणारी, संपाला अर्थातच थारा न देणारी, औद्योगिक देशसेवेची सरकारी संघटना उभी राहिली. सैन्यभरतीचे फर्मान तांबड्या कागदावर येई, कारखान्यातील सक्तीच्या कामाचे पांढऱ्या. हे पांढरे फर्मान हाती पडले की न्हावी, कारकून, दुकानदार यांनी निमूटपणे दारूगोळ्याच्या कारखान्यात रुजू व्हावयाचे. स्त्रिया व मुले यांच्या कामाचे तास मर्यादित करणारी, १९११च्या कारखाना कायद्यातील कलमेसुद्धा १९४३ मध्ये तहकूब झाली. हे सारे देशभक्तीच्या नावाने, आणि, खेदाने म्हणावे लागते, काही कामगार पुढाऱ्यांच्या संमतीने घडले. संघटना स्थापन करण्याचा कायदेशीर हक्क जपानी कामगाराला मिळाला, तो युद्धातील पराभवानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये.