थर आणि ठाणी



सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, दहावीचा निकाल, कॉलेजचा प्रवेश... आपली किती कामे संगणकावर गेली, हे मी सांगायला नको. गुरुजींच्या मागे तर विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम कायमचेच लागले आहे. ही कामे करणाऱ्या प्रोग्रॅमला वेब ॲप्लिकेशन म्हणतात. त्याच्या रचनेविषयी बोलताना जाणकार मंडळी दोन शब्द वापरतात: लेयर आणि टियर. मराठीत दोहोंनाही आपण 'थर' किंवा 'स्तर' म्हणून मोकळे होतो, आणि घोटाळा होतो तो तिथेच. म्हणून आज मी लेयरला 'थर' म्हणेन आणि टियरला 'ठाणे'.

एक लहानशी पतपेढी डोळ्यांसमोर आणा. एक खोली, एक चिटणीस. खिडकीशी बसून चिठ्ठी घेतो तोच, खाते आणि नियम तपासतो तोच, आणि तिजोरी उघडतो तोही तोच. माणूस एक, कामे तीन. चिटणीस शहाणा असेल तर तो ही कामे एकमेकांत मिसळत नाही. चिठ्ठ्यांचा गठ्ठा वेगळा, नियमांचे पुस्तक वेगळे, तिजोरीची वही वेगळी. उद्या व्याजाचा दर बदलला, तर नियमांच्या पुस्तकातले एक पान बदलले की झाले. खिडकीला नि तिजोरीला हात लावावा लागत नाही. हे झाले थर. थर म्हणजे कामाची वाटणी, आणि ती प्रोग्रॅमच्या लिखाणात असते.

पुढे पतपेढी वाढली. खिडकी गावात राहिली, हिशेबनीस तालुक्याला बसला, तिजोरी जिल्ह्याच्या गावी गेली. ही झाली ठाणी. ठाणे म्हणजे काम चालते ती जागा. संगणकाच्या बाबतीत, वेगळे यंत्र. आपल्या हातातला फोन हे पहिले ठाणे. त्यावर नुसती खिडकी उघडते. नियम तपासणारे यंत्र दूर कुठेतरी असते. माहितीची तिजोरी त्याच यंत्रात असेल, किंवा तिसऱ्या यंत्रात.

आपण म्हणाल, मग ठाणी जितकी जास्त तितके बरे! तसे नाही. तिजोरी दूर असली की खिडकी फोडणाऱ्याच्या हाती ती सहज लागत नाही, हे खरे. गर्दी वाढली तर दोन हिशेबनीस बसवता येतात, हेही खरे. पण दर चिठ्ठीमागे शिपायाला सायकल हाणावी लागते, आणि ओढ्याला पूर आला की सारेच ठप्प! संगणकातही तेच. एकाच यंत्रात एका थराने दुसऱ्याला हाक मारली तर ती सेकंदाच्या अब्जांशांत पोचते. शेजारच्या यंत्राला विचारायचे, तर हजारो पट वेळ लागतो. मार्टिन फाउलर यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात तर असे बजावले आहे की, प्रोग्रॅमचे भाग निरनिराळ्या यंत्रांवर वाटण्याचा पहिला नियम म्हणजे ते वाटू नका.

आणि थरांसाठी यंत्रे अनेक लागत नाहीत. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन इथल्या एट्सखर डाइक्स्ट्रा या गणितज्ञाने १९६८ साली एका संगणक-प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. ती एकावर एक थर रचून बांधलेली होती. यंत्र मात्र एकच!

हा फरक मला कळला तो पुस्तकातून नव्हे, ठेच लागून. एका कॉलेजच्या प्रवेशाचा प्रोग्रॅम पसंत करायच्या समितीत मी होतो. कागदावर लिहिले होते, 'तीन थरांची रचना'. मी वाचले तीन थर आणि समजलो तीन यंत्रे. वाटले, एक बिघडले तरी माहिती दुसरीकडे सुरक्षित राहील. सही करून मोकळा झालो. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी डिस्क गेली. चौकशी केली तेव्हा कळले की नियमही त्याच यंत्रात, माहितीही त्यातच, आणि माहितीची जादा प्रतसुद्धा त्यातच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मला फसवले नव्हते. थर खरोखरच तीन होते. प्रश्न विचारायचा राहिला होता तो माझ्याकडून.

त्या दिवशी एक मुलगी पहाटेच्या एस.टी.ने, वडिलांची मजुरी बुडवून त्यांना बरोबर घेऊन आली होती. "सर, माझा फॉर्म तर परवाच भरला होता," ती म्हणाली. मुदत वाढली, तिला प्रवेशही मिळाला. पण त्यासाठी दोघांना पुन्हा यावे लागले, आणि मजुरीचा आणखी एक दिवस बुडाला. तो दिवस कोणत्या थरात मांडायचा?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आणि संस्थाचालकांना माझे सांगणे एवढेच. असा प्रोग्रॅम घ्यायची वेळ आली तर तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. पहिला, कामाची वाटणी नीट आहे का, म्हणजे उद्या नियम बदलला तर किती ठिकाणी हात घालावा लागेल? दुसरा, प्रत्यक्ष यंत्रे किती, आणि कोणते काम कुठे चालते? तिसरा, यांतले एक बंद पडले तर त्याची जागा कोण घेईल, आणि माहितीची प्रत दुसरीकडे कुठे आहे? तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोहोंत आपोआप येत नाही. तिजोरी दूर नेली म्हणून एकीच्या दोन होत नाहीत.

आरंभी ठाणी थोडी असली तरी चालेल. लहान शाळेला एक यंत्र पुष्कळ झाले. जादा प्रत तेवढी बाहेर हवी. पण थर पहिल्या दिवसापासून नीट पाडून घ्या. ज्याच्या वह्या वेगळ्या, त्याला उद्या खोल्या वेगळ्या करणे सोपे जाते. सगळा हिशेब एकाच वहीत कोंबला, तर दहा खोल्या बांधूनही उपयोग नाही.