बोलणे गावात पोचले पाहिजे
(येरवडा येथे जिल्हा कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी सोसून कोरडवाहू कपाशी-ज्वारीवाले किती जण येरवड्याला येणार? म्हणून इथले बोलणेच गावात गेले पाहिजे.

पुण्याला हे नवे नाही. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांतली मंडळे आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत, आपले प्रश्न केंद्राला कळवत. ती रीत आजही कामाची आहे.

आता साधन खिशात आहे. मोबाइलवर दहा मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. सोबत पाच-सहा चित्रे जोडा : डोमकळी, कामगंध सापळा, किडके बोंड. डोमकळी तासभर सांगून कळत नाही, चित्राने कळते. आवाज आणि स्थिर चित्रे व्हिडिओपेक्षा हलकी. कमी रेंजमध्येही उतरतात. इंटरनेटवर ठेवताना तारीख, तालुका, पीक आधी सांगा. गेल्या वर्षीच्या सल्ल्यावर यंदा कुणी फवारणी करू नये.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. डब्यावरची बारीक अक्षरे कोण वाचतो? सल्ल्याला फक्त दुकानदार उरला, तर तो माल खपवणारच.

आणि एकट्याने ऐकू नका. पारावर दहा जण बसा, ऐका, वाद घाला, प्रश्न उलट पाठवा. गावातून प्रश्न आला नाही, तर भाषण वाया गेले समजा.