बाहेर बसवलेला खेळाडू



संयोजकांनी मला ‘करिअर’ या विषयावर बोलायला सांगितलं. माझं थोडक्यात आटपतं: इंजिनिअर झाले, पंधरा वर्षं कोड लिहिला आणि आता कोड लिहिणाऱ्यांची मॅनेजर आहे. म्हणून आज दुसऱ्याच एका मॅनेजरची गोष्ट सांगते. माझा मुलगा फुटबॉलवेडा, त्याच्यामुळे ती माझ्यापर्यंत आली.

सर ॲलेक्स फर्ग्युसन. जन्म १९४१, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गोव्हन भागातला. वडील जहाजबांधणी कामगार. मुलाने टूलमेकरची अप्रेंटिसशिप केली आणि जोडीने फुटबॉल खेळला. डनफर्मलिनकडून १९६५-६६ मध्ये ५१ सामन्यांत ४५ गोल केले. मग रेंजर्स या बड्या क्लबने ६५ हजार पौंड मोजून त्यांना घेतलं.

१९६९ च्या स्कॉटिश कपचा अंतिम सामना. सेल्टिकच्या कर्णधारावर, बिली मॅकनीलवर, लक्ष ठेवायची जबाबदारी फर्ग्युसन यांची होती. सुरुवातीलाच कॉर्नरवर मॅकनीलने हेडर मारून गोल केला. रेंजर्स ४-० ने हरले. खापर फर्ग्युसन यांच्यावर फुटलं आणि त्यांना क्लबच्या कनिष्ठ संघात खेळायला पाठवलं गेलं.

१९७४ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ते ईस्ट स्टर्लिंगशायरचे मॅनेजर झाले. पगार आठवड्याला ४० पौंड, आणि संघात एकही गोलकीपर नाही! पुढे सेंट मिरेनने १९७८ मध्ये त्यांना काढून टाकलं. ॲबर्डीनने घेतलं. याच ॲबर्डीनने १९८३ मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला २-१ ने हरवलं. त्या दिवशी गोलमध्ये होते जिम लेटन.

नोव्हेंबर १९८६ मध्ये फर्ग्युसन इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडला आले. साडेतीन वर्षं एकही चषक नाही. त्यांना घालवा म्हणून प्रेक्षकांनी फलक झळकवले. १९९० मध्ये संघ एफए कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. गोलमध्ये पुन्हा तेच लेटन. सामना ३-३ बरोबरीत सुटला. फेरसामन्याला फर्ग्युसन यांनी लेटनना वगळून लेस सीलीना उभं केलं. युनायटेड १-० ने जिंकलं. पुढे १३ लीग विजेतेपदं आली, १९९९ ची तिहेरी कामगिरी आली, २०१३ ला निवृत्ती आली. लेटन मात्र युनायटेडकडून त्यानंतर जवळजवळ खेळलेच नाहीत.

एका गोलसाठी ज्यांना बाहेर बसवलं गेलं, त्यांनीच एका सामन्यासाठी आपल्या जुन्या माणसाला बाहेर बसवलं. निर्णय चुकला असं निकालाकडे बघून म्हणता येत नाही. पण मी इथेच अडकते.

कारण चार वर्षांपूर्वी मीही हे केलं. एका मोठ्या कामाच्या तोंडावर माझ्याहून सीनियर सहकाऱ्याला टीममधून काढलं. माझ्या पहिल्या नोकरीत मला काम शिकवलं होतं त्यांनीच. प्रोजेक्ट वेळेवर झाला, माझं कौतुक झालं. त्यांना मात्र मी ते तोंडाने सांगितलं नाही, मेल पाठवली. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. नंतर फोनही केला नाही.

आठवीत आपल्या बाईंनी मला स्नेहसंमेलनाच्या नाटकातून काढलं होतं. बाई, तुम्हाला आठवतही नसेल. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बोलावून म्हणालात, “तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही गं.” मी रडले. तुम्ही घंटा होईपर्यंत तिथेच उभ्या राहिलात. दुसऱ्या दिवशी पडद्यामागे प्रॉम्प्टिंगला बसवलंत. अख्खं नाटक मला अजून पाठ आहे.

कुणाला खेळवायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे मॅनेजरला ठरवावंच लागतं. ते मी कामातून शिकले. बाहेर ठेवलेल्या माणसासमोर उभं राहायचं असतं, हे मात्र याच शाळेत शिकले होते, आणि नेमकं तेच विसरले.

त्या सहकाऱ्यांचा नंबर अजून माझ्याकडे आहे. उद्या परत जाताना गाडीतून फोन करणार आहे. इथे सगळ्यांसमोर सांगून ठेवते, म्हणजे टाळता येणार नाही.